गाडीच्या रंगावर क्ले बार फिरवताय? आधी हे वाचा, नाहीतर ओरखडे ठरलेलेच

बीड : गाडी धुतली, पुसली, उन्हात चमकायला लागली. पण बोनेटवरून हात फिरवला की खरखर लागते. काचेसारखा गुळगुळीत रंग कुठंच नाही. बारीक वाळू चिकटल्यासारखं वाटतं. पुन्हा धुतली तरी तेच. एमएच-२३ असो की एमएच-४४, जिल्ह्यातल्या बहुतेक गाड्यांची हीच गत आहे. या खरखरीवर उपाय म्हणून सध्या मोबाइलवर एक व्हिडिओ फिरताना दिसतो. त्यात हातात साबणाच्या वडीएवढा रंगीत गोळा असतो. गाडीवर फवारा मारायचा, गोळा घासायचा आणि गाडी नव्यासारखी. या गोळ्याला ‘क्ले बार’ म्हणतात. काही वॉशिंग सेंटरवाले त्याला सरळ ‘गाडीची माती’ म्हणतात.

वस्तू कामाची आहे, यात शंका नाही. पण अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत जे दाखवत नाहीत, तेच महत्त्वाचं आहे. धूळ पूर्ण न काढता, कोरड्या अंगावर किंवा खाली पडलेला गोळा पुन्हा उचलून घासला, तर चमक बाजूलाच राहते आणि रंगावर कायमचे ओरखडे उठतात. मग पॉलिशचा किंवा थेट रंगकामाचा खर्च गळ्यात पडतो. म्हणून हा गोळा नेमका काय आहे, कधी वापरायचा, कसा वापरायचा आणि कधी अजिबात हात लावायचा नाही, ते समजून घेतलेलं बरं.

खरखर येते कुठून?

गाडीवर बसते ती सगळी धूळ सारखी नसते. शेतरस्त्याची माती पाण्यानं निघून जाते. काही कण मात्र रंगाला घट्ट चिकटून बसतात. त्यांना शॅम्पूचं पाणी दाद देत नाही.

परळी परिसरात पहिला नंबर राखेचा. औष्णिक विद्युत केंद्रात कोळसा जळून जी राख निघते, ती टिप्पर आणि हायवातून वीटभट्ट्यांकडे, सिमेंट कारखान्यांकडे जाते. रस्त्यावर सांडते, वाऱ्यानं उडते आणि उभ्या गाड्यांवर बसते. ही राख दिसायला पिठासारखी असली तरी तिच्यात सिलिका आणि अ‍ॅल्युमिना असतं, म्हणजे कडक कण असतात. त्यावर दव पडलं आणि ऊन लागलं की तिचा थर आणखी घट्ट होतो.

दुसरा प्रकार लोखंडाच्या कणांचा. फॅब्रिकेशनच्या दुकानाशेजारी गाडी उभी केली आणि तिकडे ग्राइंडर चालू असेल, तर उडणाऱ्या ठिणग्या म्हणजे तापलेले लोखंडाचे कण असतात. ते रंगात रुततात. पुढं दव-पाण्यानं गंजतात आणि पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके दिसायला लागतात. ब्रेक घासले जाऊन निघणारी काळी पूडही अशीच असते. रेल्वे रुळांजवळ कायम उभ्या राहणाऱ्या गाड्यांवरही हे कण सापडतात.

तिसरा प्रकार डांबराचा. रस्त्याचं काम चालू असलेल्या टप्प्यातून गाडी गेली की दरवाज्याच्या खालच्या बाजूला काळे थेंब बसतात. चौथा प्रकार रंगाच्या तुषारांचा. शेजारी गेट किंवा ग्रिल कॉम्प्रेसरनं रंगवत असतील, तर तो रंग हवेतून येऊन गाडीवर बसतो. शिवाय बाभळीचा डिंक, गळीत हंगामात कारखान्याच्या धुराड्यातून पडणारी काजळी, बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग हे आहेतच.

यातलं सगळं क्ले बारनं निघतं असं नाही. कशाला काय लागतं, ते पुढं येईलच.

नाव माती, पण ही माती नव्हे

‘क्ले’ म्हणजे माती, म्हणून गोंधळ होतो. गणपतीची शाडू, मुलतानी माती, मुलांची खेळायची रंगीत माती किंवा शेतातली चिकण माती यांचा या कामाशी काही संबंध नाही. असलं काही गाडीवर घासलं तर रंगाची वाट लागलीच म्हणून समजा.

क्ले बार हा कारखान्यात बनवलेला, मळलेल्या कणकेसारखा लवचिक पदार्थ आहे. त्यात अतिशय बारीक, घासणारी पूड मिसळलेली असते. त्याचा जन्म जपानमधला. तिथं गाड्यांच्या रंगकामाच्या दुकानात शेजारच्या गाडीवर उडालेले रंगाचे तुषार काढायला तो वापरत. जपानचे तादाओ कोदाते यांना १९९५ मध्ये अमेरिकेत त्याचं पेटंट मिळालं. पेटंटच्या कागदावर या वस्तूचं नाव मोठं बोलकं आहे. त्याचा अर्थ होतो ‘लवचिक घासणीचा दगड’. म्हणजे शोध लावणाऱ्यानंच तिला दगड म्हटलंय, फक्त मऊ दगड. ही गोष्ट लक्षात ठेवली तर पुढच्या निम्म्या चुका आपोआप टळतात.

गोळा काम कसा करतो? ओल्या, निसरड्या रंगावरून तो फिरवला की रंगाला तो फारसा लागत नाही. रंगाच्या वर उभे राहिलेले कण मात्र त्याच्या वाटेत येतात. गोळा त्यांना उपटतो आणि स्वतःच्या अंगात ओढून घेतो. म्हणून थोड्या वेळानं गोळ्याचा खालचा भाग काळा किंवा तपकिरी दिसतो. ते कण आता गोळ्यात आहेत, आणि तुम्ही तोच गोळा पुन्हा रंगावर फिरवणार आहात. धोका नेमका इथंच आहे.

चमक म्हणजे केसाहूनही पातळ थर

गाडीच्या पत्र्यावर आधी गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक लाखेसारखा थर असतो. त्याला गॅरेजवाले ‘क्लिअर कोट’ म्हणतात. आपल्याला दिसणारी चमक त्या थराची असते. कंपनीतून येताना हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन असतो. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला, तर हा थर केसाहूनही पातळ झाला.

हा थर पुन्हा वाढत नाही. प्रत्येक ओरखडा, प्रत्येक पॉलिश त्यातला थोडा भाग घेऊन जातं. गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक आधी बोनेट आणि छत तिरप्या नजरेनं बघतं. तिथं कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसल्या की भाव पाडायला कारण मिळतं. वर्षानुवर्षं हप्ते भरून घेतलेल्या गाडीचा रंग आपल्याच हातानं घालवायचा का, हा खरा प्रश्न आहे.

आपल्याकडे पितळेची, तांब्याची, जळालेली भांडी राखेनं घासायची पद्धत होती. अजूनही कित्येक घरांत आहे. राख घासते म्हणूनच भांडं लख्ख निघतं. आता सकाळी उठून बोनेटवर बसलेली राख कोरड्या फडक्यानं पुसणं म्हणजे काय, याचा विचार करा. भांडं घासल्यासारखा आपण गाडीचा रंग घासत असतो. राखेवर क्ले बार घासला तरी तेच होतं, उलट जास्त जोर लागून होतं.

खरंच गरज आहे का? आधी तपासा

क्ले बार दर महिन्याला वापरायची वस्तू नाही. वर्षातून एकदा, फार तर दोनदा पुरे. गाडी रस्त्यावर उभी राहत असेल, परळीकडे रोजचं येणं-जाणं असेल, तर दोनदा. शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीला वर्षाकाठी एकदाही लागेलच असं नाही. आपल्याकडे गळीत हंगाम संपल्यावर आणि पावसाळ्याच्या आधी ही वेळ चांगली. काजळी पडणं थांबलेलं असतं आणि पावसाआधी रंगावर वॅक्सही चढवता येतं.

तपासायची सोपी पद्धत अशी. गाडी नीट धुवा. ओली असतानाच ब्रेडच्या पुड्याची पातळ पिशवी हातात घालून बोटं हलकेच रंगावरून फिरवा. पिशवीमुळं बारीक खरखरही मोठी जाणवते. हात गुळगुळीत सरकला तर क्ले बारची गरज नाही, पैसे वाचवा. खरखर लागली तर पुढं जा. न धुतलेल्या गाडीवर हा प्रयोग करू नका.

जे क्ले बारचं काम नाही, ते आधी उरका

डांबराचे थेंब : यासाठी डांबर काढायचं द्रावण मिळतं. ते नसेल तर मऊ कापडावर थोडं रॉकेल किंवा डिझेल घेऊन थेंब ओला करा, मऊ पडू द्या आणि हलक्या हातानं टिपून घ्या. नंतर ती जागा शॅम्पूनं धुवायचीच. जवळ विडी-काडी नको. पेट्रोल आणि थिनर वापरू नका. विशेषतः गॅरेजमध्ये रंगवलेल्या भागाचा रंग थिनरनं उठून येतो.

लोखंडाचे नारिंगी ठिपके : यासाठी लोखंड काढणारा फवारा मिळतो. तो मारला की लोखंडाला लागून द्रव जांभळा होतो. वास उग्र असतो, म्हणून मोकळ्या हवेत, हातमोजे घालून, सावलीत मारा आणि सुकायच्या आत धुवा. हे टोकदार कण आधी निघून गेले की क्ले बारचं काम कमी होतं आणि ओरखड्याचा धोकाही घटतो.

बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग : आपल्याकडे बोअरचं पाणी जड. गाडी उन्हात वाळली की क्षाराचे गोल डाग राहतात. डाग ताजे असतील तर चायनीजच्या गाड्यावर असतं ते पांढरं व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून कापडानं लावा आणि मिनिटाभरात धुवा. आधी कोपऱ्यात थोडं लावून बघा. फरशीचं किंवा संडासचं अ‍ॅसिड चुकूनही नको.

पक्ष्यांची विष्ठा : ओलं कापड पाच-दहा मिनिटं ठेवून मऊ करा, मग उचला. खाली रंगावर डाग उमटलेला असेल तर तो रंगात उतरलेला आहे. क्ले बारनं तो जात नाही.

ओरखडे : क्ले बारनं ओरखडे जातात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तो वर चिकटलेलं काढतो, खाली गेलेलं भरत नाही. ओरखड्यावर आडवं नख फिरवा. नख अडकत असेल तर ते काम पॉलिशच्याही हाताबाहेरचं असतं.

तयारी : पाणी कमी, पण स्वच्छ

उन्हाळ्यात कित्येक गावांत प्यायचं पाणी टँकरनं येतं. तिथं गाडीवर पाइप सोडणं कुणालाच पटणार नाही. या कामाला तेवढं पाणी लागतही नाही. दोन-तीन बादल्या आणि एक मग पुरतो. पाण्याची तेवढीही सोय नसेल तर क्ले बारचं काम पाऊस पडेपर्यंत पुढं ढकला. खरखरीनं गाडी बिघडत नाही, पाण्यात काटकसर करून घासलं तर मात्र बिघडते.

पाणी गाळाचं नको. टाकीच्या तळाचं पाणी असेल तर सुती कापडातून गाळून घ्या. शेवटच्या हाताला आणि फवाऱ्याला आरओ प्लांटचं थोडं जारचं पाणी वापरलं तर डाग पडत नाहीत.

साहित्य मोजकंच. गाडीचा शॅम्पू, दोन बादल्या, मायक्रोफायबरची चार स्वच्छ कापडं, मऊ क्ले बार, त्यासोबतचा निसरडा फवारा आणि शेवटी लावायला वॅक्स. क्ले बार मऊ, मध्यम आणि कडक अशा प्रकारांत येतो. घरी करणाऱ्यानं मऊच घ्यावा. नुसता रंग बघून घेऊ नका. एका कंपनीचा निळा मऊ असतो म्हणून दुसरीचाही तसाच असेल असं नाही. पाकिटावर काय लिहिलंय ते बघा.

फवाऱ्यासाठी शेतातला पंप आणू नका. त्यात तणनाशक किंवा कीटकनाशकाचा अंश राहिलेला असतो, आणि इथं तर हात पूर्ण वेळ त्याच पाण्यात असतात. दुकानात मिळणारी छोटी फवाऱ्याची नवी बाटली घ्या. कपड्याची पावडर आणि भांड्याचा साबणही या कामाला चालत नाही. पाकिटात जो फवारा दिलाय किंवा जे द्रावण वापरायला सांगितलंय, तेच वापरा.

प्रत्यक्ष कसं करायचं?

१. वेळ निवडा. सकाळी लवकर, सावलीत, पत्रा थंड असताना. बीडच्या उन्हाळ्यात दुपारी पत्रा पोळतो. फवारा लगेच सुकतो, गोळा पातळ होऊन रंगाला चिकटतो. भर थंडीत उलट होतं, गोळा कडक पडतो. तेव्हा तो कोमट पाण्यात बुडवून मऊ करून घ्या.

२. आधी धूळ वाहू द्या. कापड लावायच्या आत मगानं वरून खाली पाणी सोडा. राख, माती जेवढी आपोआप वाहून जाईल तेवढी जाऊ द्या. मग एका बादलीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी ठेवा. कापड शॅम्पूत बुडवायचं, थोडा भाग धुवायचा, साध्या पाण्यात खळबळून काढायचं आणि मगच पुन्हा शॅम्पूत घालायचं. छतापासून सुरुवात, दरवाज्याचा खालचा भाग सगळ्यात शेवटी.

३. गोळ्याचे तुकडे करा. पूर्ण वडी एकदम घेऊ नका. तीन-चार तुकडे करा. एक तुकडा हातात मळून तीन बोटांत मावेल अशी चपटी टिकली करा. एक तुकडा खाली पडला तरी बाकीचे शिल्लक राहतात.

४. थोडा थोडा भाग घ्या. साधारण दीड फूट बाय दीड फूट. तिथं फवारा भरपूर मारा, गोळ्यालाही मारा. निसरडं वाटलं पाहिजे.

५. बोटांच्या टोकांनी, जोर न लावता, सरळ रेषेत पुढं-मागं फिरवा. गोल गोल नको. चुकून रेघ उठलीच तर सरळ रेघ कमी दिसते, गोल रेघा उन्हात सगळीकडून चमकतात. सुरुवातीला गोळा अडखळतो, खरखर आवाज येतो. पाच-दहा वेळा फिरल्यावर तो गुळगुळीत सरकतो. सरकायला लागला की थांबा. त्या जागेचं काम झालं.

६. मध्येच सुकतंय असं वाटलं तर आधी फवारा, मग हात. कोरड्या रंगावर गोळा एकदाही फिरता कामा नये.

७. दर भागानंतर गोळा उलटा करून बघा. काळा, तपकिरी दिसतोय? घडी घाला, मळा, स्वच्छ बाजू वर आणा. सगळा तुकडा मळकट झाला की टाकून द्या. कणकेला कणी लागली तर काढता येते, या गोळ्यातून काढता येत नाही.

८. तो भाग मायक्रोफायबरनं लगेच टिपून घ्या. पिशवी घालून पुन्हा तपासा. मग पुढचा भाग.

९. दरवाज्यांच्या खाली, चाकांच्या मागं सगळ्यात जास्त घाण असते. तिथं वेगळा तुकडा वापरा आणि तो पुन्हा बोनेटवर आणू नका.

पडला तर टाका

सगळ्या नियमांत हा एक नियम कधीच मोडू नका. गोळा जमिनीवर पडला की त्याचं काम संपलं. पाण्यानं धुतला, खडे वेचून काढले, तरी बारीक वाळू आत राहतेच. तो पुन्हा फिरवणं म्हणजे गाडीवर पॉलिशपेपर घासणं. वडी आधीच तुकड्यांत तोडायला सांगतात ती यासाठीच.

तोच गोळा बादलीतल्या गढूळ पाण्यात पडला तरी तेच समजा. उरलेला स्वच्छ तुकडा दोन थेंब फवारा मारून झाकणाच्या डबीत ठेवा. डॅशबोर्डवर ठेवू नका, उन्हानं वितळून डाग पडेल. मुलांच्या हातीही लागू देऊ नका. ती खेळायची माती नाही.

इथं हात लावू नका

मॅट फिनिशची गाडी किंवा मोटारसायकलची मॅट टाकी असेल तर क्ले बार नको. घासली की तेवढ्या जागेवर चकाकी येते आणि डाग कायमचा दिसतो.

नुकतंच डेंटिंग-पेंटिंग केलं असेल तर किमान एक-दोन महिने थांबा आणि रंगवणाऱ्याला विचारूनच पुढं जा. नवा रंग आतून कडक व्हायला वेळ घेतो.

छतावरची किंवा बोनेटवरची लाख सालपटासारखी सुटत असेल तर गोळा ती आणखी ओढून काढेल. त्या गाडीला आता रंगकामच लागतं.

‘आई-वडिलांचा आशीर्वाद’सारखे स्टिकर, नावाची अक्षरं, रबराच्या पट्ट्या, काळं खरबरीत प्लास्टिक इथून लांब राहा. स्टिकरच्या कडा उचलतात आणि खरबरीत प्लास्टिकमध्ये गोळा अडकून पांढरा राहतो. सिरॅमिक कोटिंग किंवा संरक्षक फिल्म बसवली असेल तर ज्यानं बसवली त्याला आधी विचारा.

बाहेरच्या काचेवर मात्र मऊ गोळा भरपूर फवारा मारून चालतो. रंगावर वापरून झालेला तुकडा काचेवर संपवता येतो. काचेचा तुकडा परत रंगावर आणायचा नाही.

काम इथं संपत नाही : वॅक्स हवंच

क्ले बारसोबत आधीचं वॅक्सही निघून जातं. रंग आता उघडा पडलेला असतो. तसाच सोडला तर राख आणि क्षार पुन्हा लवकर चिकटतात. म्हणून त्याच दिवशी वॅक्सचा पातळ हात द्या. जाड थर दिला म्हणून जास्त टिकतो असं नाही, उलट पुसताना दमछाक होते.

चमकेसाठी डिझेलचा हात मारायची सवय अनेकांना आहे. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर तर ती सर्रास दिसते. तासभर चमकतं खरं, पण तेलकट अंगावर धूळ दुपटीनं बसते. मग ती पुसताना पुन्हा ओरखडे.

गडद रंगाच्या गाडीवर, विशेषतः काळ्या, क्ले बारनंतर बारीक धूसर रेघा दिसू शकतात. काळजी घेतली तरी दिसू शकतात. म्हणून काळ्या गाडीच्या मालकानं आधी एका कोपऱ्यात, हातभर जागेत करून बघावं. धूसर दिसलं तर पुढं जाऊ नये. मग हलकं पॉलिश करणाऱ्या जाणत्या माणसाकडंच गाडी द्यावी.

वॉशिंग सेंटरवर गाडी देताय? हे विचारा

सगळ्यांना घरी जमेल असं नाही. बाहेर करून घेत असाल तर दोन-चार प्रश्न मोकळेपणानं विचारा. आपल्यासमोर नवा तुकडा उघडणार का? की सकाळपासून पाच गाड्यांवर फिरलेलाच गोळा वापरणार? आधी पूर्ण धुणार का? फवारा कोणता मारणार? शेवटी वॅक्स त्याच पैशात आहे का? गोळा खाली पडला तर टाकून देणार का?

आधीच्या गाडीच्या अंगावरचे लोखंडाचे कण तुमच्या गाडीवर घासले जाऊ नयेत, एवढाच यामागचा उद्देश आहे. चांगलं काम करणारा माणूस असल्या प्रश्नांना रागावत नाही. उलट गिऱ्हाईक जाणकार आहे म्हणून हात जपून चालवतो. शक्य असेल तर आपला नवा क्ले बार आपणच घेऊन जा.

रोजची सवय बदलली तर क्ले बारही कमी लागेल

सगळ्यात जास्त ओरखडे क्ले बारनं पडत नाहीत. ते रोज सकाळी गाडीवर फिरणाऱ्या कोरड्या फडक्यानं पडतात. मांजरसुंब्याच्या घाटातून धूळ खात आलेली गाडी असो की परळीच्या रस्त्यावरून राख घेऊन आलेली, कोरडा हात फिरवू नका. घाईच असेल तर फक्त काचा आणि आरसे ओल्या कापडानं पुसा. बाकी धूळ पाणी मिळेपर्यंत तशीच राहू द्या. धुळीनं गाडी मळकट दिसते, पण तिचा रंग शाबूत राहतो.

गाडी उभी करताना ग्राइंडर चालू असलेलं दुकान, कॉम्प्रेसरनं चाललेलं रंगकाम आणि डिंक गळणारं झाड टाळा. राखेचा टिप्पर पुढं असेल तर अंतर ठेवून चाला. एवढं सांभाळलं तर वर्षभरानंतर पिशवी घालून बोनेटवर हात फिरवाल तेव्हा कदाचित क्ले बारचं पाकीट उघडायची गरजच पडणार नाही.